शेळीची शिंगे आणि आनुवंशिकतेचा हिशेब

शेळी विकत घेताना माणूस आधी तिचे रूप पाहतो. रंग कोणता, कान किती लांब, शिंगे आहेत की शेळी भुंडी आहे, गळ्याखाली लोंबती बोंडे आहेत का, बोकडाची दाढी भरघोस आहे का, या साऱ्याची पाहणी होते आणि मगच भावाची बोलणी सुरू होतात. गावच्या आठवडे बाजारापासून बकरी ईदपूर्वी मुंबईत देवनार येथे भरणाऱ्या मोठ्या बाजारापर्यंत हीच रीत आहे. रूपाला बाजारात किंमत असते; मात्र हे रूप एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जाते आणि एखादे रूप निवडताना त्याच्यासोबत न पाहिलेले असे काय पदरात पडते, याचा विचार क्वचितच होतो.

हा विचार केवळ अभ्यासकांपुरता नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४ कोटी ८९ लाख शेळ्या होत्या आणि त्यांपैकी एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात होत्या. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हटले जाते ते उगाच नव्हे. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांत, विशेषतः स्त्रियांच्या हाती, दोन-चार शेळ्या हीच काय ती पुंजी असते. अशा घरी जन्मलेले मादी करडू मोठेपणी वांझ निघाले, तर बुडते ती केवळ एका जनावराची किंमत नव्हे. पुढील अनेक वेतांची आशा बुडते. असे वांझपण ज्या कारणांनी येते, त्यांतील एक कारण थेट शेळीच्या डोक्यावर, म्हणजे शिंगांच्या अभावात लिहिलेले असते. शेळीच्या बाह्य लक्षणांच्या आनुवंशिकतेतील हे सर्वांत बोलके उदाहरण होय.

रानशेळीपासून पाळीव शेळीपर्यंत

पाळीव शेळीचा मुख्य पूर्वज म्हणजे पश्चिम आशियाच्या डोंगराळ भागात आजही आढळणारी बेझोआर ही रानशेळी. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने तिला माणसाळवले. इराणच्या पश्चिमेकडील झाग्रोस पर्वतराजीत गंज दरेह येथे झालेल्या उत्खननात या प्रक्रियेचे अत्यंत जुने पुरावे मिळाले आहेत. रानशेळीचा रंग तपकिरी, नराची शिंगे कोयत्यासारखी मागे वळलेली आणि कान आखूड असतात. आज दिसणारे पांढरे, काळे, ठिपकेदार रंग, हातभर लोंबणारे कान, पिळदार शिंगे किंवा शिंगांचा संपूर्ण अभाव, हे सारे वैविध्य प्रामुख्याने माणसाच्या सोबतीत टिकले आणि वाढले. रानात पांढरे करडू हिंस्र प्राण्याच्या नजरेस लगेच पडते. गोठ्यात मात्र त्याच पांढऱ्या करडाचे कौतुक होते.

शेळीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या, म्हणजे एकूण ६० गुणसूत्रे असतात. तिच्याबरोबर एकाच कळपात चरणाऱ्या मेंढीत ती ५४ असतात. त्यामुळे दोघींचा संकर क्वचितच जगतो. शेळीच्या ३० जोड्यांपैकी २९ जोड्या नर व मादीत सारख्या असतात, तर तिसावी जोडी लिंग ठरवते. मादीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि नरात एक एक्स व एक वाय.

प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र बापाकडून व एक आईकडून येते. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती प्रत्येक जनावरात असतात. या दोन प्रती वेगळ्या असतील तर जिचा परिणाम दिसतो ती प्रभावी आणि जी दबून राहते ती अप्रभावी, असे म्हटले जाते. ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या झाडांवरील प्रयोगांतून १८६६ मध्ये मांडलेला हा नियम शेळीच्या अनेक बाह्य लक्षणांना लागू पडतो. दबून राहिलेली प्रत नष्ट होत नाही. ती पुढच्या पिढीकडे जाते आणि तशाच दुसऱ्या प्रतीशी गाठ पडताच पुन्हा प्रकट होते. शेळीच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला आराखडा चीनमधील युन्नान प्रांतातील काळ्या शेळीवरून तयार झाला व तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियाजवळील सॅन क्लेमेंटे बेटाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीच्या बोकडावरून केलेला अधिक अचूक आराखडा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पूर्वी केवळ वंशावळीवरून बांधलेले अंदाज प्रत्यक्ष जनुकांत तपासून पाहणे सुलभ झाले.

रंगांचा खेळ

शेळीच्या अंगावरील सारे रंग दोनच रंगद्रव्यांतून साकारतात. एक काळे-तपकिरी आणि दुसरे तांबूस-पिवळे. कोणत्या भागात कोणते द्रव्य तयार व्हावे, किती व्हावे आणि कोठे मुळीच होऊ नये, एवढ्यावर सारी नक्षी अवलंबून असते. या कामात ‘अगुटी’ नावाचे जनुक महत्त्वाचे आहे. त्याच्या अनेक आवृत्त्या आहेत. त्यांतील पांढऱ्या वा फिकट तांबूस रंगाची आवृत्ती सर्वांवर प्रभावी असते, तर अंगभर काळा रंग आणणारी आवृत्ती सर्वांत अप्रभावी. चेहऱ्यावरील पट्टे, पाठीवरील काळी रेघ, पोटाकडचा वेगळा रंग अशा अनेक नक्षी या दोन टोकांमध्ये बसतात. काळा रंग दुसऱ्या एका जनुकामुळे प्रभावी लक्षण म्हणूनही येऊ शकतो. म्हणजे दोन काळ्या शेळ्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांच्या काळेपणाचे कारण एकच असेल असे नाही. तपकिरी छटा ठरवणारे जनुक आणखी निराळे आहे. स्वित्झर्लंडमधील तांबड्या मानेच्या एका जातीत तपकिरी रंगाशी निगडित असा बदल आठव्या गुणसूत्रावर असल्याचे २०१५ मध्ये दाखवण्यात आले.

स्वित्झर्लंडच्याच सानेन खोऱ्यातील पांढरीशुभ्र सानेन शेळी दुधासाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिच्या पांढऱ्या रंगाचा शोध घेता असे आढळले, की तिच्यात अगुटी जनुकाच्या भागाच्या एकापेक्षा अधिक प्रती एकापुढे एक जोडल्या गेल्या आहेत. अक्षर बदलले नाही, तर मजकूरच पुन्हा पुन्हा छापला गेला, असा हा प्रकार होय. तरीही दोन पांढऱ्या सानेनच्या पोटी अधूनमधून काळे किंवा तपकिरी करडू जन्माला येते, कारण दोघांकडेही रंगाची एकेक दबलेली प्रत असते. अशा वेळी कळपात दुसरा बोकड शिरला असावा असा संशय घेण्याचे कारण नाही.

रंगासोबत काय येते, हेही येथे पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या शेळीची कातडी फिकट असेल तर कडक उन्हाच्या प्रदेशात कान, कास अशा उघड्या भागांना उन्हाचा त्रास होतो आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. रंगद्रव्य असलेल्या कातडीला हे संरक्षण आपसूक मिळते. थंड खोऱ्यात शोभणारे रूप दख्खनच्या उन्हात तेवढेच सोयीचे ठरेल असे नाही.

दाढी, गलस्तन आणि कान

दाढी हे बोकडाचे लक्षण मानले जाते. पण काही शेळ्यांनाही दाढी असते. याचे स्पष्टीकरण असे, की दाढीचे जनुक नर व मादीत वेगळ्या रीतीने वागते. नरात त्याची एक प्रत पुरते, तर मादीत दाढी उगवण्यासाठी दोन्ही प्रती लागतात. म्हणजे तेच जनुक नरात प्रभावी व मादीत अप्रभावी ठरते. दाढी नसलेल्या शेळीचा बोकड दाढीवाला निघतो, तो अनेकदा आईकडून आलेल्या या एका प्रतीमुळे.

गळ्याखाली लोंबणाऱ्या मांसल बोंडांना संस्कृतात ‘अजागलस्तन’ असे नाव आहे. त्यांतून दूध निघत नाही आणि त्यांचा अन्य उपयोगही दिसत नाही, म्हणून निरुपयोगी वस्तूला ही उपमा देण्याची प्रथा पडली. मराठीतील ‘अजागळ’ हा शब्दही याच उपमेतून आल्याचे मानले जाते. आनुवंशिकतेच्या दृष्टीने मात्र ही बोंडे चांगलीच उपयोगी ठरली, कारण एका जनुकाने ठरणाऱ्या प्रभावी लक्षणाचा तो सुबक नमुना आहे. आईबापांपैकी एकाला बोंडे असली तरी ती पिल्लांत उतरू शकतात. दहाव्या गुणसूत्रावरील एका भागाशी त्यांचा संबंध असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. दूध किंवा वाढ यांच्याशी बोंडांचा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही. तेव्हा केवळ त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

कानांच्या बाबतीत अमेरिकेतील लामांचा ही जात उद्बोधक आहे. तिचे कान इतके आखूड असतात, की प्रथम पाहणाऱ्यास ते कापले आहेत असेच वाटावे. आखूड कानाच्या जनुकाची एक प्रत असेल तर कान दोन-अडीच बोटे लांब राहतो. दोन प्रती असतील तर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे एक प्रत दुसरीला पूर्णपणे दाबत नाही, तर दोघींचा मधला परिणाम दिसतो. याला अपूर्ण प्रभाव म्हणतात. या जातीच्या बोकडाची नोंद करताना कान अगदी आखूड प्रकारचेच असावेत असा नियम आहे. त्यामागचे कारण उघड आहे. अशा बोकडाकडे दुसरे काही देण्यासारखे नसल्याने त्याचे प्रत्येक पिल्लू आखूड कानाचे निपजते. बाहेरून दिसणाऱ्या लक्षणावरून आतील जनुकांची जोडी ओळखण्याचा हा सोपा मार्ग होय. हीच युक्ती शिंगांच्या बाबतीत कितीतरी अधिक मोलाची ठरते.

भुंडेपणाची किंमत

शिंगे नसलेली शेळी सांभाळायला सोयीची असते. ती गव्हाणीत डोके अडकवून घेत नाही, दुसऱ्या शेळीच्या कासेला इजा करत नाही, लहान मुलांना तिचे भय नसते. गोठ्यात दाटीने शेळ्या बांधणाऱ्या युरोपातील दूध-उत्पादकांना साहजिकच भुंड्या शेळ्या हव्याशा वाटू लागल्या. भुंडेपणा हे प्रभावी लक्षण असल्याने ते मिळवणेही सोपे होते. एका भुंड्या बोकडापासून निम्मी तरी पिल्ले भुंडी मिळत. मग भुंड्या बोकडाला भुंड्या शेळ्या लावल्या, की काही पिढ्यांत शिंगांचा प्रश्नच मिटेल, असा हिशेब करण्यात आला.

तो हिशेब चुकला. अशा कळपांत एक विचित्र गोष्ट वारंवार घडू लागली. मादी पिल्लांची संख्या अपेक्षेपेक्षा कमी भरू लागली आणि त्याच वेळी ना धड नर ना धड मादी अशी उभयलिंगी पिल्ले जन्माला येऊ लागली. काही पिल्ले मादीसारखी दिसत. पण मोठी झाल्यावर कधीच गाभण राहत नसत. काहींचे डोके व मान बोकडासारखी भरदार होई, तर काही जवळजवळ नरच वाटत. त्यांची एक खूण मात्र समान होती, ती म्हणजे ती बहुधा भुंडी असत. १९४४ मध्ये अ‍ॅस्डेल या संशोधकाने ही पिल्ले मुळात मादी असून त्यांच्या बिघाडाचा भुंडेपणाच्या जनुकाशी संबंध असावा, असे मांडले.

पुढे गुणसूत्रांची तपासणी शक्य झाल्यावर या पिल्लांत दोन एक्स गुणसूत्रे असल्याचे व वाय गुणसूत्राचा मागमूस नसल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे ती आनुवंशिकदृष्ट्या मादीच होती. परंतु गर्भावस्थेत त्यांचे बीजकोश बनण्याऐवजी वृषणासारखी ग्रंथी बनली होती. २००१ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेतील पथकाने पहिल्या गुणसूत्रावरील दोष शोधून काढला. तेथे आनुवंशिक मजकुराची सुमारे ११,७०० अक्षरे गळालेली आढळली. विशेष असे, की गळालेल्या तुकड्यात प्रथिन बनवणारे जनुकच नव्हते. तेथून जवळपास तीन लाख अक्षरे दूर असलेल्या ‘फॉक्स-एल-२’ या जनुकावर मात्र त्याचा परिणाम होत होता. दिवा शाबूत, पण त्याचे बटण भिंतीतून उखडलेले, अशी ती अवस्था होती. २०२० मध्ये अधिक बारकाईने केलेल्या वाचनात, गळालेला भाग सुमारे दहा हजार अक्षरांचा असून त्या जागी त्याच गुणसूत्रावरील सुमारे ४ लाख ८० हजार अक्षरांच्या एका भागाची प्रत उलट दिशेने घुसली असल्याचेही निष्पन्न झाले.

फॉक्स-एल-२ जनुकाचे काम काय, याचा निर्णायक पुरावा २०१४ मध्ये मिळाला. संशोधकांनी शेळीच्या भ्रूणात हे एकच जनुक मुद्दाम निकामी केले, तेव्हा मादी भ्रूणात वृषण तयार झाले आणि पापण्या तयार झाल्या नाहीत. शेळीत मादीपण घडवणारे हे जनुक आहे, हे यामुळे सिद्ध झाले. माणसातही याच जनुकातील दोषामुळे पापण्यांची ठेवण बिघडते आणि काही स्त्रियांचे बीजकोश अकाली निकामी होतात. शेळीच्या शिंगांचा माग काढता काढता विज्ञान मानवी वंध्यत्वाच्या एका कारणापर्यंत येऊन पोचले, असे म्हणता येईल.

भुंडेपणा आणि वांझपण यांतील फरक कोठे पडतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. भुंडेपणासाठी या दोषाची एक प्रत पुरते. वांझपणासाठी दोन लागतात. म्हणून एक प्रत असलेली भुंडी शेळी निरोगी असते, गाभण राहते, दूध देते. तिच्यात काहीही खोट दिसत नाही. दोन प्रती असलेली मादी मात्र उभयलिंगी व वांझ निपजते. दोन प्रती असलेल्या नरांपैकी अनेकांची पैदासक्षमता चांगली राहते. काहींमध्ये शुक्रवाहक मार्ग तुंबून वंध्यत्व येते. गाईगुरांतही भुंडेपणा प्रभावी आहे. पण तेथे त्याच्याशी असे वांझपण जोडलेले नाही. त्यामुळे केवळ भुंड्या गुरांच्या जाती जगात आहेत. केवळ भुंड्या शेळ्यांची शुद्ध जात मात्र तयार होऊ शकलेली नाही.

सोळा करडांचा हिशेब

हा नियम आकड्यांत मांडला की त्याचे गांभीर्य कळते. समजा, एका कळपात भुंडा बोकड व भुंड्या शेळ्या आहेत आणि साऱ्यांकडे या दोषाची एकेक प्रत आहे. त्यांना सोळा करडे झाली, तर सरासरीने चार करडांना शिंगे येतील आणि बारा भुंडी असतील. या बारापैकी चार करडांत दोन प्रती असतील. त्या चारांत दोन नर व दोन मादी धरल्या, तर सोळांतील दोन करडे वांझ उभयलिंगी निघतील. एकूण करडांच्या दृष्टीने हे प्रमाण आठात एक. पण मादी करडांच्या दृष्टीने ते चारात एक आहे. बोकडाकडेच दोन प्रती असतील, तर परिस्थिती आणखी बिघडते. एक प्रत असलेल्या भुंड्या शेळ्यांपासून होणाऱ्या त्याच्या मादी करडांपैकी निम्मी वांझ निघण्याची शक्यता असते.

याउलट जोडीतील एकाला शिंगे असली, तर हा धोका उरत नाही. भुंडेपणा प्रभावी असल्याने शिंगे असलेल्या जनावराकडे तो दबलेल्या स्वरूपात असूच शकत नाही. त्याच्या पिल्लांना दुसऱ्या पालकाकडून फार तर एक प्रत मिळेल, दोन कधीच नाहीत. शिंगे असलेल्या बोकडाला भुंड्या शेळ्या लावल्या, तरी सरासरीने निम्मी करडे भुंडी मिळतात आणि या कारणाने एकही वांझ निघत नाही. हे जाणण्यासाठी रक्ततपासणी नको की प्रयोगशाळा नको. बोकडाचे डोके पाहणे पुरते.

यात एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. बंदिस्त शेळीपालनात काही ठिकाणी करडांच्या शिंगांचे कोंब लहानपणीच डागून नष्ट करतात. असा बोकड दिसायला भुंडा असला, तरी आनुवंशिकदृष्ट्या शिंगांचाच असतो आणि पैदाशीस सुरक्षित असतो. त्याची नोंद नसेल, तर खरेदी करणाऱ्यास फरक कळत नाही. दुसरीकडे, भुंड्या बोकडांच्या डोक्यावर कधी कधी बारीक टेंगळे वा खुंट येतात आणि ती शिंगेच समजली जातात. जन्मतः भुंडे करडू ओळखण्याची पारख अनुभवी पाळणाऱ्यांना असते. शिंगे येणार असलेल्या करडाच्या डोक्यावर कोंबांच्या जागी केसांचे दोन भोवरे दिसतात आणि तेथील कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते. भुंड्या करडात असे दोन भोवरे नसतात व कातडी मोकळी सरकते.

महाराष्ट्रातील जाती

महाराष्ट्राच्या मान्यताप्राप्त शेळ्यांत उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ व बेरारी या जाती येतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर, सोलापूर परिसरातील उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते. मात्र तिच्यात पांढऱ्या, तपकिरी व ठिपकेदार शेळ्याही दिसतात. पुणे, नाशिक व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) भागातील संगमनेरी शेळीत रंगांची विविधता अधिक आहे. सिंधुदुर्गातील कोकण कन्याळ काळी असून तिच्या चेहऱ्यावर नाकाकडून कानाकडे गेलेले पांढरे पट्टे ही तिची ओळख होय. विदर्भातील बेरारी प्रामुख्याने तांबूस रंगाची असते. या लक्षणांमुळे जात ओळखता येते आणि जातिवंत कळप टिकवता येतो. रूपाचे हे मोल नाकारण्याचे कारण नाही.

उस्मानाबादी जातीच्या वर्णनात बोकड बहुतांशी शिंगांचे, तर शेळ्या शिंगांच्या आणि भुंड्या अशा दोन्ही प्रकारच्या आढळतात, असे नमूद असते. शिंगांचा बोकड आणि त्याच्या कळपात दोन्ही प्रकारच्या शेळ्या, ही रचना आनुवंशिकतेच्या दृष्टीने निर्धोक आहे. जनुकांचे नावही न ऐकलेल्या पाळणाऱ्यांनी रुबाबदार शिंगांचा बोकड पसंत करण्याची जी रीत पिढ्यानपिढ्या चालवली, तिने हा धोका आपोआपच दूर ठेवला. धोका संभवतो तो नव्या उत्साहात. शेतीबाहेरचे भांडवल घेऊन बंदिस्त शेळीपालनात उतरणाऱ्यांना भुंडी जनावरे सोयीची वाटतात. एखादा देखणा भुंडा बोकड आणला जातो, त्याच्याच भुंड्या मुली कळपात ठेवल्या जातात आणि पुढे तोच बोकड त्यांना लावला जातो. येथे भुंडेपणाच्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते आणि त्यात जवळच्या नात्यातील संकराची भर पडते. बाप-लेकीच्या संकरातून झालेल्या करडात कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता चारात एक इतकी असते. दर दोन वर्षांनी बोकड बदलावा, हा पशुवैद्यकांचा सल्ला त्यासाठीच असतो.

जे डोळ्यांना दिसत नाही

रंग, बोंडे, शिंगे ही लक्षणे एक-दोन जनुकांनी ठरतात, म्हणून ती ठळक दिसतात आणि लवकर बदलता येतात. शेळीपालनाचा नफा ज्यांवर अवलंबून असतो ती लक्षणे अशी सरळ नाहीत. करडाचे वजन, शेळीचे दूध, जुळी-तिळी देण्याची क्षमता यांमागे अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो आणि चारा, पाणी, ऋतू, आजार यांचा वाटा तर फार मोठा असतो. कळपातील जनावरांत दिसणाऱ्या फरकाचा किती भाग आनुवंशिक आहे, हे मोजण्याच्या मापाला आनुवंशिकता गुणांक म्हणतात. शरीराचे वजन व दूध यांबाबत तो स्थूलमानाने मध्यम भरतो, तर एका वेतातील करडांच्या संख्येबाबत तो बराच कमी, सुमारे ०.१ च्या आसपास असतो. म्हणजे एखाद्या शेळीने एकदा तिळी दिली, म्हणून तिची मुलगीही देईलच असे नाही. अनेक वेतांच्या आणि अनेक नातलगांच्या नोंदी पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही.

नोंदी ठेवण्याचे हे काम अखिल भारतीय समन्वित शेळी सुधार प्रकल्पातून चालते. मथुरेजवळील मखदूम येथे १९७९ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय शेळी संशोधन संस्था त्याचे सूत्रसंचालन करते. महाराष्ट्रात उस्मानाबादीसाठी फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था आणि संगमनेरीसाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी या प्रकल्पात पाळणाऱ्यांच्या कळपांत जाऊन काम केले आहे. करडाचे जन्माचे वजन, तीन महिन्यांचे वजन, आईचे दूध, वेतांमधील अंतर, मरतूक अशा साध्या आकड्यांवरून बोकडाची निवड केली जाते. या निवडीत रंगाला व शिंगांना स्थान आहे. पण ते जातीची ओळख पटवण्यापुरते आणि पैदाशीतील धोका टाळण्यापुरते.

शेळीचे रूप हे अशा रीतीने तिच्या आनुवंशिकतेचे उघडे पान आहे. ते जे सांगते ते खरे असते, मात्र ते सर्व काही सांगत नाही. पांढऱ्या अंगाखाली काळा रंग दडलेला असू शकतो, दाढी नसलेल्या आईकडून दाढी येऊ शकते आणि सोयीच्या भुंडेपणामागे वांझपण लपलेले असू शकते. शिंगे असलेला, दुसऱ्या कळपातला आणि ज्याच्या आईच्या दुधाची व भावंडांच्या वजनाची नोंद आहे असा बोकड निवडणे, एवढे पथ्य पाळले तरी दोन शेळ्यांच्या धन्यालाही या साऱ्या शास्त्राचा लाभ घेता येतो. त्यासाठी लागते ती एक वही आणि बोकडाच्या डोक्याकडे पाहण्याची थोडी निराळी दृष्टी.